साडेचारचं अ‍ॅव्हरेज

जिंतूरच्या पंपावर ट्रकची टाकी फुल झाली. त्रिवेणीनं मोबाईलवर किलोमीटरला लिटरनं भागलं.

"किती आलं?" शिवमूर्तींनी सुनेला विचारलं.

"सव्वाचार, मामा."

शिवमूर्तींनी टाकीचं झाकण दोनदा आवळलं.

चाळीस वर्षं ते ट्रक चालवत होते. लिटरला साडेचार किलोमीटर, हे त्यांचं अ‍ॅव्हरेज मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, सगळ्यांना ठाऊक होतं. "डिझेल इंजन पीत न्हाई, ड्रायव्हरचा पाय पितो," असं ते नव्या पोरांना ऐकवायचे. आता दोन महिने अ‍ॅव्हरेज घसरलं होतं आणि तोच पाय दगा देतोय असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. वय चौसष्ट. गुडघे सुजायचे. मुलगा शंभुराज दिवाळीपासून म्हणत होता, "बाबा, बस करा आता." तो विषय निघाला की शिवमूर्ती भरल्या ताटावरून उठायचे. दुसऱ्या दिवशी आणखी जपून चालवायचे, चहालाही थांबायचे नाहीत. घरी आले की त्रिवेणी त्यांच्या पायांशी कढत पाण्याची बादली आणून ठेवायची.

आज तिचं परभणीत काम होतं. एसटी सोडून ती सासऱ्यांच्या शेजारी बसली. मागं सोयाबीनची पोती होती. निघताना तिनं मीटरचा आकडा पाहून ठेवला आणि रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजत राहिली. बोरी मागं पडली. परभणीच्या अलीकडं चाळिसावा दगड आला.

"मामा, गाडी बाजूला घ्या जरा."

"का? मळमळायलंय का?"

"दगड चाळीस झाले. मीटर अडतीसच दाखवायलंय."

"बिघडलं आसंल."

"बिघडलं न्हाई. आपण टायर कवा बदलले?"

येलदरीकडच्या खराब रस्त्यासाठी शंभुराजनं एक नंबर मोठे टायर टाकले होते. त्याला दोनच महिने झाले होते.

"मीटर चाकाचे फेरे मोजतंय," त्रिवेणी म्हणाली. "तुमची शंभर पावलं अन् आपल्या भक्तीची शंभर पावलं, सारखी वाट सरती का?"

पाच वर्षांची नात आठवून शिवमूर्ती हसले.

"चाक मोठं झालं, तर एका फेऱ्यात जास्त वाट कापतंय. मीटर जुन्याच मापानं मोजतंय. गाडी चाळीस चालती, ते अडतीस सांगतंय. खरे किलोमीटर धरले तर साडेचारच येतंय, मामा. तुमचा पाय होता तसाच हाय."

शिवमूर्तींनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते. त्रिवेणीला बरं वाटलं, आणि लगेच धास्तीही वाटली. आता हे आणखी दहा वर्षं खाली उतरत नाहीत. शंभुराजला काय सांगायचं?

शिवमूर्तींनी फोन काढला. "शंभू, उद्यापासून गाडीवर दुसरा ड्रायव्हर बघ. मी थांबतो."

त्रिवेणी बघतच राहिली. "आता कशाला, मामा? पाय तर बरोबर हाय की."

"म्हणून तर, पोरी," ते म्हणाले. "चुकल्या पायानं गाडीवरून उतरवत नव्हतं. आता बिनघोर उतरतो."