हरकत

सर्व संतांच्या सणाला, थडगी उजळायच्या दिवशी, ओझीत नावाची म्हातारी नवऱ्याच्या थडग्याला चुना लावायला आली, तर थडग्याचा एक कोपरा अधांतरी लटकत होता. पुरात नदीने काठच गिळला होता. चुन्याची बादली तिथंच टाकून ती धावली आणि पुतण्याचा दगडांनी भरलेला ट्रक घेऊन आली. तोवर नदीखात्याचा कर्टिस वाटेत गाडी आडवी लावून उभा होता.

"संरक्षित नदी आहे, आजी. परवान्याशिवाय काठावर एक दगडही टाकता यायचा नाही."

"मग दे की परवाना!"

"आधी अर्ज, मग जाहीर सूचना, मग लोकांच्या हरकती. उन्हाळा उजाडेल."

"तोवर तो समुद्रात पोचेल रे! पाया पडते तुझ्या."

कर्टिसने टोपी काढली. "मी तरी काय करू? इथल्याच कुणा हट्टी माणसाने सरकारच्या नाकी नऊ आणून हा कायदा करून घेतला. आता भोगतोय आपण."

काठावरून मातीचं एक ढेकूळ सुटलं आणि पाण्यात पडलं.

"तोच झोपलाय तिथं," ओझीत म्हणाली. "हरकती मागवल्या तर पहिली त्याचीच येईल. म्हणून तर तुझ्या पाया पडतेय."