सारजाच्या अंगावरचे जंतू

"बाई, साथ कोणापासून सुरू करायची?" रोगाची साथ कशी पसरते ते दाखवणाऱ्या खेळासाठी टॅबलेट हातात घेऊन सहावीच्या मुलांनी एकच गिल्ला केला. विज्ञानाच्या इंगवलेबाईंनी सारजाकडे बोट केलं. गावाबाहेरच्या पालांवरून ती नुकतीच शाळेत येऊ लागली होती. ही काही कुरकुर करणार नाही, एवढाच त्यांचा विचार.

बाईंनी तिच्या गळ्यात खुणेचं कार्ड अडकवलं. टॅबलेटचा कॅमेरा त्या कार्डावर रोखला की पडद्यावर सारजाच्या अंगावर हिरवे जंतू वळवळताना दिसत. ती जवळ येईल त्याला खेळात लागण होई. मुलं किंचाळत पटांगणभर पळाली आणि सारजाही हसत त्यांच्यामागे धावली. साथ कशी पसरते, ते पुस्तकातून न उमजलेलं तासाभरात सगळ्यांना उमजलं. बाई हरखून गेल्या.

खेळ संपला, कार्ड उतरलं, पण मुलं थांबेनात. "सारजा आली रे, पळा!" दुसऱ्या दिवशीही तेच, पुढच्या आठवड्यातही तेच. बाई रागावल्या, त्यांनी समजावून सांगितलं, एकदा स्वतः रोगी होऊनही खेळल्या. मुलं हसत हसत त्यांना येऊन बिलगली. सारजाला मात्र कोणी शिवलं नाही.

दुपारच्या खिचडीला ती पंगत सोडून नळापाशी एकटीच जेवत होती. 'चुकलंच माझं, पोरी,' असं म्हणायचं ठरवून बाई ताट घेऊन तिच्याशेजारी बसल्या.

सारजा घाईघाईनं मागे सरकली.

"लांब बसा बाई," ती काळजीनं म्हणाली, "तुमाला लागंल."