दुप्पट वेग

मधमाश्यांपासून ज्वालामुखीपर्यंत, दिसेल तो ऑनलाइन कोर्स मी करतो. व्याख्यानं मात्र दुप्पट वेगाने ऐकतो. तेवढा वेळ आहे कुणाला? मग गावाकडून येणारे आईचे व्हॉइस मेसेजही तसेच उरकायची सवय लागली. तसा आवाज अगदी खणखणीत वाटायचा तिचा.

काल ती पडली. शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात नेलं, मी धावतपळत पोचलो. डॉक्टरांनी विचारलं, "यांची जीभ कधीपासून जड झालीय?"

आईच अडखळत, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "ह्याला... विचारा. रोज... न चुकता... ऐकतो माझं."


बाहेरच्या बाकावर बसून मी तिचे दोन महिन्यांचे मेसेज काढले, आणि पहिल्यांदाच तिच्या वेगाने ऐकले.