मापाचे बूट

तर ऑर्नेला इटलीहून युक्रेनमधल्या अनाथाश्रमात पोचली, अकरा वर्षांच्या झ्लाताला दत्तक घेऊन घरी न्यायला. तिथली रीतच अशी, की निघताना मुलानं आश्रमाचं सगळं, मोजेसुद्धा, तिथंच उतरवायचं आणि नव्या आईनं आणलेलं घालायचं. ऑर्नेलानं जुन्या फोटोवरून अंदाजानं खरेदी केलेली. झ्लाता कपडे बदलून धावतच आली. "अगं हळू! नवरीसुद्धा इतकी घाई करत नाही," सांभाळणाऱ्या हालिनामावशी हसल्या. "बूट बसले?" ऑर्नेलानं दुभाष्यामार्फत विचारलं. "एकदम मस्त!" म्हणत झ्लातानं गिरकी घेतली. टाचेशी पांढऱ्या मोज्यावर रक्त पसरत होतं. ऑर्नेलानं खाली बसून बूट ओढला, तशी झ्लाता किंचाळली, "काढू नको!" दुभाष्यानं अडखळत पुढचं सांगितलं, "मागं मला न्यायला आलेल्या आईनं आणलेले बूट मला झाले नाहीत, मग तिनं ते माझ्या खोलीतल्या ओलेनाला घातले आणि तिलाच नेलं."