चार रेघांचा दाणा

रंगूबाईच्या नवऱ्याचं ऑक्सिजनचं मशीन शेलूबाजारात उत्कर्षच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या टेबलावर उघडं पडलं होतं. त्याच्या पॉवर सप्लायमधला एक रेझिस्टर जळून असा कोळसा झाला होता, की वरच्या रंगीत रेघाच दिसेनात. अन् रेघा दिसल्याशिवाय त्याच्या जागी कोणता टाकायचा, हे कळणार कसं? चुकीचा बसला तर सारा बोर्डच जाणार, आणि घरचं ऑक्सिजनचं सिलिंडर तर संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं. पंधरा वर्षं दुकान चालवणारा उत्कर्ष आज हात लावायला कचरला.

रंगूबाई बोर्डावर वाकली. तिचं बोट नेमकं त्या जळक्या जागेवर थांबलं.

"पिवळा, जांभळा, काळा, सोनेरी. सोनेरी उजव्या हाताले."

उत्कर्षजवळ त्याच रेघांचा होता, पण जरा जाड. जाड म्हणजे जास्त ताप सोसणारा, तो चालतो. त्यानं तो बसवला आणि जीव मुठीत धरून बटण दाबलं. मशीन घुरघुरलं. उत्कर्ष तिच्याकडे वळला.

"मावशी, हे तुमी शिकल्या कुठं?"

"शिकली कायची, बापू! पुन्याले कंपनीत होती बारा वर्सं. पट्ट्यावरून हाच बोर्ड आला का त्या जागी हा दाना खोचाचा अन् पुढं ढकलाचा. तो कायले लागते, हे कोनं सांगतलंच नाई."

बोलता बोलता तिनं नळीचं तोंड तळहातावर धरलं. गार वारा लागला, तशी ती थबकली.

"अव माय! म्हंजे बारा वर्सं मी लोकाइले श्वास देऊन राह्यली होती?"