साध्या पाण्याचा ग्लास

"देव पानोपानी असतो म्हणतात, वहिनीला तो पानात राहणाऱ्या बुरशीतच भेटला," असं प्रयोगशाळेत तिला मदत करणारी नणंद हसून म्हणायची. आज त्या बुरशीचा अर्क टाकलेल्या ग्लासात डासांच्या अळ्या निपचित पडल्या, तेव्हा वहिनीने हात जोडले. नणंदेने तुलनेसाठी ठेवलेल्या साध्या पाण्याच्या ग्लासात वाकून पाहिलं. "वहिनी, यातल्याही गेल्या." "अर्काचा थेंब पाडला असशील. लक्ष कुठं असतं तुझं?" "देवाशप्पथ, नाही." वहिनीने अर्काची बाटली कपाटात कुलूपबंद केली, नवा ग्लास घेतला, स्वतः साधं पाणी भरून जिवंत अळ्या सोडल्या. वळवळ मंदावत गेली आणि थांबली. "हे पाणी कुठलं?" वहिनीने हळूच विचारलं. "घरचंच. इथला फिल्टर बिघडलाय, म्हणून कॅन भरून आणला." नणंदेचा चेहरा उतरला. "त्याच नळावर सकाळी मी तुझ्या बबड्याची शाळेची बाटली भरली."