सकाळचे नऊ

“यंत्राला काय कुणाशी वैर आहे?” केंद्रप्रमुख तेफेरांनी अहवालाचा कागद टेबलावर पुढे सरकवला. “झेरीहुन, तुम्ही सही करा, मग मी बाईंच्या पत्रावर करतो.”

बाई, म्हणजे नर्स वर्कनेश, दाराशी उभी होती. अकरा वर्षं इथिओपियाच्या या डोंगरातल्या आरोग्यकेंद्रावर काढलेली. फ्रिजमधल्या लसी खराब झाल्या, दोनशे मुलांच्या डोसांची माती झाली आणि खापर तिच्या डोक्यावर फुटलं. तिला घरी बसवायचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

कारण लॅपटॉपवर उघडलेली ती फाइल. तंत्रज्ञ झेरीहुननं तीन महिन्यांपूर्वी फ्रिजमध्ये तापमान टिपणारं यंत्र बसवलं होतं. ते दर दहा मिनिटांनी वेळ आणि तापमान फाइलमध्ये लिहायचं. फाइल सांगत होती की रोज सकाळी नऊच्या सुमाराला फ्रिज अर्धा तास तापतो. सकाळची पाळी वर्कनेशची. दुपारी ती वस्तीवर बाळंतिणींना बघायला जायची; आज मात्र या पत्रासाठी तिला थांबवून घेतलं होतं.

“आणि हे तीन दिवस बघा,” तेफेरा बोट ठेवत म्हणाले. “दोन-दोन तास! या दिवशी तर बाईंनी कळसच केला.”

“त्या वेळी मी त्या फ्रिजला हातसुद्धा लावत नाही,” वर्कनेश म्हणाली. “उजाडताच लसी बर्फाच्या डब्यात काढून घेते, दिवसभर त्यावरच भागवते. झेरीहुनभाऊ, तुमच्या यंत्राला डोळे आहेत ना? मग विचारा त्याला, दार कोण उघडतं ते!”

झेरीहुनला तिची कीव आली आणि थोडा रागही आला. पकडले गेले की सगळे असंच बोलतात. तरी सही करण्यापूर्वी त्यानं फाइल एकदा वरपासून चाळली. पहिल्याच ओळीवर त्याचा हात थांबला.

पहिली नोंद पहाटे तीन वाजून दहा मिनिटांची होती.

पहाटे? यंत्र त्यानं स्वतः बसवलं होतं. जिम्मा शहरातून पहिल्या बसनं येऊन, नाश्ता उरकून. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर येत होतं, म्हणून वर्कनेशनं पडदा ओढून दिला होता. हे त्याला लख्ख आठवत होतं.

मग आणखी एक गोष्ट आठवली. त्या दिवशी फोनची बॅटरी संपली होती. यंत्राची वेळ त्यानं मनगटावर बघून लावली होती.

त्यानं बाही वर केली. वडिलांचं जुनं घड्याळ. गावातल्या सगळ्या घड्याळांसारखं तेही उजाडल्यापासून तास मोजायचं. सूर्य उगवला की बारा, तासाभरानं एक. बँक, विमान, संगणक मध्यरात्रीपासून मोजतात, आणि इथिओपियातला माणूस दोन्ही हिशेब डोक्यात बाळगून बिनघोर जगतो. यंत्राला मात्र एकच हिशेब येत होता. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी झेरीहुनच्या मनगटावर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि त्यानं तेच आकडे यंत्रात भरले होते. तेव्हापासून ते सहा तास मागे चालत होतं.

म्हणजे फाइलमधले नऊ सकाळचे नव्हतेच. ते दुपारचे तीन होते.

गप्प बसलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. त्यानं पेनाला टोपण लावलं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “घड्याळ मी चुकीचं लावलं. फ्रिज तापतो तो दुपारी. बाई तेव्हा इथं नसतातच.”

वर्कनेश मटकन बाकावर बसली आणि शालीचं टोक तोंडाला लावून रडू लागली. तेफेरांचं तोंड उघडंच राहिलं.

“दुपारी? दुपारी इथं मी असतो. मी आणि एतेते शितू!”

तेवढ्यात आतल्या खोलीतून एतेते शितूच आली. म्हातारी केंद्राची झाडलोट करायची आणि सगळ्यांची आई असल्यासारखी वागायची, म्हणून सगळे तिला आदरानं एतेते म्हणायचे. हातात तबक, तबकात वाफाळत्या कॉफीच्या छोट्या वाट्या. झेरीहुननं तिच्या मागच्या उघड्या दारातून आत पाहिलं. खोलीत विजेची जागा एकच. तिच्यात शेगडीची पिन खोचलेली होती, आणि फ्रिजची पिन जमिनीवर पडली होती.

“एतेते, हे काय?” तेफेरा ओरडले.

“ओरडता कशाला? कोळशाच्या धुरानं पेशंट खोकतात, कोळसा बंद करा, असं तुम्हीच म्हणालात ना? मग विजेवर करते,” म्हातारी म्हणाली. “काम झालं की पिन परत लावते हो. एक दिवससुद्धा विसरले नाही. आणि रोज कितीसं लागतं? तुमच्या एका वाटीला अर्धा तास. पाहुणा असला तरच रिवाजाप्रमाणे कॉफीच्या तिन्ही फेऱ्या कराव्या लागतात. त्याला दोन तास जाणारच.”

तिनं पहिली वाटी झेरीहुनपुढे धरली.

“घे लेकरा. आणि मागच्या तीन वेळी घेतलीस तशी आजही तिसरी फेरी घेतल्याशिवाय उठू नकोस.”